दोन जानेवारीची नोंद

मी वही बोलतेय, आणि गोड बोलणार नाही. अ‍ॅरिझोनातल्या सोतोल शिखराच्या माथ्यावर, बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात माझा मुक्काम. चढून येणाऱ्याने नाव, तारीख आणि उतरायची वाट लिहायची, एवढाच इथला रिवाज.

पण पाळतो कोण? कुणी कुत्र्याचं चित्र काढतं. एकाने तर माझं पान फाडून नाक पुसलं!

वेन्डेल ओचोआ तसा नव्हता. वय एकसष्ट, बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक. दरवर्षी दोन जानेवारीला एकटाच यायचा. हिवाळ्यात साप बिळात असतात आणि ऊन सोसतं, म्हणून. यंदाही आला. दगडाआड बसून गारढोण बरितो खाल्ला, बोटांवर फुंकर मारली आणि माझं कोरं पान उघडून नावाखाली लिहिलं, "पश्चिमेच्या घळीने उतरतोय." खाली तारीख टाकली, २ जानेवारी २०२३.

अरे बाबा, चोवीस साल लागलं! जानेवारीत सगळ्यांचाच हात जुन्या सालावर जातो. पण मी ओरडणार कशाने?

तो घरी परतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शोधपथकातले दोघे वर आले. ट्रेंट नावाच्या दांडगोबाने ते पान पाहिलं.

"ही गेल्या वर्षीची नोंद. म्हणजे म्हातारा यंदा वर पोचलाच नाही."

"मग पूर्वेच्या चढावरच पडला असणार. चल, उजेड जाईल."

डबा धाडकन बंद! अरे, एक पान मागे उलटा ना! तिथे २०२३ च्या नाताळातल्या नोंदी आहेत. त्यांच्यानंतर त्याच सालचा जानेवारी येईल कसा? डोळे होते की खाचा? दोन दिवस ते पूर्वेचा डोंगर पिंजत बसले.

पाच तारखेला वेन्डेलची बहीण डेल्मा धापा टाकत वर आली. ट्रेंट सोबत होताच.

"मॅडम, ती नोंद जुनी आहे. मी बघितलीय."

"तू गप्प बस जरा."

तिने पान मागे उलटलं आणि नाताळाच्या तारखांवर बोट आपटलं. "अरे गाढवा, नाताळानंतर लिहिलीय ही! यंदाचीच आहे! आमचा वेन्डेल घळीत आहे!"

ट्रेंटने वायरलेसवर निरोप दिला. तासाभराने तोच वायरलेस खरखरला. "सापडला. पाय मोडलाय, खडकाला टेकून बसलाय. अंग अजून कोमट आहे... पण गेला."

"मला वाटलं..." ट्रेंट पुटपुटला.

"तुला वाटलं!" एवढंच म्हणून डेल्मा खाली बसली. माझ्यावर डोकं टेकून ती कितीतरी वेळ रडली.

आता माझी चारच पानं उरलीत. येणारे वेन्डेलसाठी बदाम काढतात, "शांती लाभो" लिहितात. चुलीत घाला ती शांती! उतरायची वाट लिहा म्हणते मी, तर एकाचाही हात चालत नाही.

मघाशी एक पोरगी एकटीच येऊन गेली. नाव टाकलं, शेजारी हसरा चेहरा काढला आणि निघाली. ती कुठल्या बाजूने उतरली, ते उद्या मला विचारायला येऊ नका.