मागचं बंद केलंय

मी एक जुना संगणक आहे, आणि जुना म्हणजे चांगलाच जुना. तुमच्याकडचे नवे संगणक मांडीवर बसतात, दप्तरात मावतात. मी आपला टेबलाखाली पाय रोवून बसलेला असतो. माझ्या पत्र्याच्या चौकोनी अंगामुळे घरात मला कोणी संगणक म्हणतही नाही. 'खोका' म्हणतात. आधी फार राग यायचा, आता अंगवळणी पडलं आहे.

मित्रांनो, माझा जन्म बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. पंखा एकीकडचा, तबकडी दुसरीकडची, पत्र्याचं अंग कुणा तिसऱ्याचंच. दुरुस्तीवाल्याने सगळ्यांची मोट बांधली, शेवटचा स्क्रू पिळला आणि बटण दाबलं. मी 'टुक्' असा आवाज केला. सगळं ठीक असलं की मी चालू होताना एकदा टुक् करतो. वर्गात हजेरीला तुम्ही 'हजर' म्हणता, तसंच ते.

मग मी या घरी आलो. घरात आई आणि तिची मुलगी छकुली. छकुलीच्या केसांत आता पांढरे डोकावू लागले आहेत, तरी घरात ती छकुलीच. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! आईने मला भरतकामाचा अभ्रा शिवला. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि लांबूनच बघायचे. पुढे हातात मावणारे फोन आले, अभ्रा कुठे गेला कुणास ठाऊक, आणि माझ्यावर धूळ साचू लागली. तरी छकुलीने मला टाकलं नाही. ती शाळेच्या पुस्तकांची पानं मांडून देते, चित्रं आणि मजकूर जागच्या जागी बसवते. त्याला मोठा पडदा लागतो. तिचं पोट माझ्यावर आणि माझा मान तिच्यावर, असं आमचं चाललं होतं.

मग मामा राहायला आले. आईचे थोरले भाऊ. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या हातची अक्षरं रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. पण माझ्यासारख्या संगणकांवर अक्षरं जुळवून छापलेल्या पाट्या निघाल्या, त्या झटपट व्हायच्या, आणि मामांचं काम हळूहळू बंद झालं. हे मला त्यांनी कधी ऐकवलं नाही. पण ते समोर बसले की मला ओशाळल्यासारखं व्हायचं. ज्याने पोटावर पाय दिला त्याच्याचकडे हा माणूस दुपारी शिकायला बसायचा, एका बोटाने टकटक करत. माउसने अक्षर काढायला जायचे, ते वाकडं व्हायचं, आणि मामा स्वतःशीच म्हणायचे, "अरे गड्या, ब्रश बरा होता."

एके दिवशी सकाळी आईने सफाई काढली. ओल्या फडक्याने माझी पाठ पुसायची म्हणून तिने आधी माझ्या पाठीवरचं छोटं बटण बंद केलं. वीज अंगात यायचा मार्ग तिथूनच आहे. पुसून झाल्यावर ते पुन्हा चालू करायचं राहून गेलं, आणि तिची मैत्रिणीकडे जायची वेळ झाली. दारातून ओरडून गेली, "छकुली, मागचं बंद केलंय गं!"

आता आमच्या घरात 'मागचं' म्हणजे मागचं दार. दुसरं काही नाहीच. छकुली न्हाणीघरातून "बरं" म्हणाली. बाहेर येऊन बघते तर मागचं दार सताड उघडं. "म्हणे बंद केलंय!" असं पुटपुटत तिने ते लावलं, आणि येऊन माझं पुढचं बटण दाबलं.

मी गप्प.

तिने पुन्हा दाबलं. ना पंखा, ना दिवा, ना टुक्. त्याच दिवशी तिला पानं छापखान्यात पाठवायची होती, आणि ती सगळी माझ्या पोटात होती. तिचा चेहरा उतरला. पण ती हुशार आहे. माझी वायर काढून तिथे टेबलफॅन लावला, तो फिरला. पडद्याची वायर मला लावली, तरी मी ढिम्म. म्हणजे दोष खोक्यातच, असं म्हणून तिने माझी कूस उघडली. आत धुळीचा थर. तिने स्मरणपट्टी, म्हणजे माझी रॅम, काढली, पुसली, परत घट्ट बसवली. सगळं बरोबर करत होती बिचारी. फक्त माझ्या पाठीमागे वाकून बघत नव्हती.

एवढ्यात मामा आले. त्यांच्या हातात त्यांचा सगळ्यात मऊ ब्रश होता. "धूळ काढू का? याने ओरखडा येणार नाही."

छकुली वर न बघताच म्हणाली, "मामा, तू हात लावू नकोस. आधी लावलास तेवढा पुरे झाला. काल शेवटचा तूच बसला होतास ना?"

मामा जागीच थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "काल ते काहीतरी विचारत होतं. मला कळलं नाही. मी हो म्हटलं. त्यानेच झालं असेल."

ते साधं विचारणं होतं, चित्र साठवायचं का एवढंच. हे मला ठाऊक होतं. मित्रांनो, त्या क्षणी एक टुक् मला करता आलं असतं तर! मी मेल्यासारखा पडून राहिलो, आणि माझ्यामुळे एक भला माणूस न केलेला गुन्हा कबूल करत होता.

मला उचलायला मामा पुढे झाले, पण छकुलीने मला एकटीनेच कवेत घेतलं आणि दुकानात नेलं. दुरुस्तीवाल्याने वायर लावली. सवयीने त्याचा हात माझ्या पाठीमागे गेला, खट् झालं, मग त्याने पुढचं बटण दाबलं.

टुक्.

"झालं काय होतं?" छकुलीने विचारलं.

"काही नाही. मागचं बंद होतं."

आईचं सकाळचं ओरडणं छकुलीला आत्ता उमगलं. पानं तिने तिथूनच पाठवली, छापखान्याचं काम वेळेत झालं. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

घरी आलो तर दाराशी मामांची पिशवी भरून ठेवलेली. "चार दिवस मित्राकडे जाऊन येतो म्हटलं," ते म्हणाले. एव्हाना आईही परतली होती. दुरुस्तीवाला काय म्हणाला ते छकुलीने सांगितलं.

"अगं, सांगून तर गेले होते, मागचं बंद केलंय म्हणून!"

"मला वाटलं दार!"

"दार कशाला बंद करू? दादा तिथे कुंड्यांना पाणी घालत होता की!"

एरवी यावर तिघंही पोट धरून हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मामांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी नाही ना बिघडवला?" आई नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. छकुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पिशवी उचलून आत नेली आणि म्हणाली, "मामा, चुकलं माझं. नको तसं बोलले."

"असू दे गं. कामाच्या घाईत माणूस बोलतो," मामा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरचा संगणक अचानक रुसला तर घाबरू नका. आधी वायर बघा, मग पाठीवरचं बटण बघा. धूळ साचू देऊ नका. आणि हे सगळं बघून होईपर्यंत कुणाकडे बोट दाखवू नका. माझं काय, खट् केलं की मी पुन्हा पहिल्यासारखा. माणसाचं तसं नसतं.

मामा इथेच राहिले. आता माउसनेही त्यांचं अक्षर सुरेख येतं. पण रोज दुपारी माझ्यासमोर बसण्याआधी ते आतल्या खोलीकडे तोंड करून विचारतात, "छकुली, हात लावू का गं?"

"अरे मामा, विचारतोस काय!" ती दर वेळी कळवळून म्हणते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतात.