चोरचोळीनंतर

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बकुळेला दिवस गेले, ही बातमी लालबागच्या चाळीत सासूने फोडली आणि बकुळेला ती शेवटी कळली. दोनदा पाळी चुकली होती, एवढंच. राधाबाईंनी बोटांवर महिने मोजले आणि दिवाळीच्या तोंडावर सुनेची चोरचोळी केली. तिसऱ्या महिन्यात कुणाला न सांगता घालायची ती हिरवी चोळी. पण राधाबाईंच्या पोटात गोष्ट राहते कुठली! संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला ठाऊक झालं.

चारच दिवसांनी बकुळेच्या लुगड्याला डाग लागला.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण नऊ वर्षं टोमणे मारणारी सासू आता तिच्या पानात तूप वाढत होती, तिच्या हातातली कळशी काढून घेत होती. बकुळेची जीभ काही वळेना. दर महिन्याला चार दिवस दाराजवळ गोणपाटावर बाजूला बसायची ती आता बसली नाही. राधाबाईंच्या खानावळीत बारा गिरणी कामगार जेवायचे. त्यांच्या भाकऱ्या तिने थापल्या आणि त्याच हातांनी देवापुढे दिवाही लावला. लावताना दर वेळी ती मनातल्या मनात देवाची माफी मागायची.

पोट मात्र वाढत होतं, डावीकडे जरा जास्तच. ओटीपोटात दुखायचंही सारखं. "पहिलटकरणीला दुखतंच गो," राधाबाई म्हणायच्या. मग बकुळेलाही वाटायचं, असेल बाई, पोट काय उगाच वाढतंय? तिला ते खरं व्हायला हवं होतं.

जानेवारीत मुंबई पेटली. बकुळेचा नवरा जयवंत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पकडला गेला, त्याला आठ दिवस झाले होते. हरताळाच्या दुपारी चुलीपुढे बसल्या बसल्या बकुळेच्या पोटात असा पीळ पडला, की हातातली भाकरी निखाऱ्यात पडली आणि ती कोलमडली. बस नाही, टॅक्सी नाही. शेवटी मसाल्याच्या गिरणीची हातगाडी आणली, शेजारच्या दोघांनी ती ढकलली. रस्ताभर दगड आणि काचा. प्रत्येक धक्क्याला बकुळा ओरडत होती आणि राधाबाई गाडीवाल्यांवर खेकसत होत्या, "हळू रे मेल्यांनो, पोर हाय पोटात!"

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. नळी लावून बराच वेळ ऐकलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ठोके लागत नाहीत. मला ही अंडाशयातली गाठ वाटते, पीळ पडलेली. तसं असेल तर आत्ताच पोट उघडायला हवं, नाहीतर ही हातची जाईल. पण गर्भाची थोडी जरी शक्यता असली, तर मी घाई करणार नाही. शेवटची पाळी कधी आली?"

"पाच महिने झाले," राधाबाईंनीच उत्तर दिलं. "एकदा पण बाजूला बसली नाय. चोरचोळी मी माझ्या हातानं केलीय."

डॉक्टरीणबाई बकुळेकडे वळल्या. "तू सांग."

बकुळेने डोळे मिटले. होय म्हटलं, तर अजून घटकाभर ती लेकुरवाळी होणारी सून होती. कळ पुन्हा उसळली. आपण मरणार, हे तिला लख्ख कळलं, आणि मरायचं तिला अजिबात नव्हतं.

"येते बाई मला," ती म्हणाली. "दिवाळीपासून तीनदा आली. मी लपवलं."

राधाबाईंचा हात तिच्या डोक्यावर होता, तो खाली आला. आता त्या देव बाटवल्याचं बोलतील, चाळीभर बोभाटा करतील, म्हणून बकुळेने अंग चोरलं.

"म्हणजे पोर नायच?" राधाबाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सही कोण देणार? नवरा कुठे आहे?"

"तुरुंगात. मी सासू. अंगठा चालत असेल तर घ्या."

नर्सने त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. बकुळेला आत न्यायला लागले, तशा त्या मागून धावल्या आणि शाईचाच हात तिच्या गालावर ठेवला.

"एवढं दुखत होतं, नि रोज माझ्या भाकऱ्या थापल्यास? बाजूला बसली असतीस, तर चार दिवस पाठ तरी टेकली असतीस गो, बाय माझे."