दुखण्याचे दिवस धरून

भाची बोलायला लागून तिला आत्या म्हणू लागली तेव्हापासून घरातले सगळेच तिला तसंच म्हणू लागले, अगदी सख्खा भाऊ आणि वहिनीसुद्धा. आत्याने सोळा वर्षं पार्लरमध्ये केस कापले. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुरळे, विरळ, हट्टी, कसलेही केस असोत, तिच्या कात्रीखाली आले की निमूट वळायचे. पण सोळा वर्षं उभं राहून कंबर कामातून गेली. आधी ती संध्याकाळी दुखायची, मग दुपारपासून, आणि शेवटी डाव्या पायात अशी कळ जायची की कात्री ठेवून आरशाची कड धरावी लागे. दोन वर्षं उपचार करून डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे पूर्ण जाणार नाही, याच्यासोबत राहायला शिका.

"म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावईच आलाय," आत्या घरी येऊन वहिनीला म्हणाली. दोघी हसल्या.

पार्लर सुटलं. पुढे एका कचेरीत फोन घेण्याचं काम मिळालं. बसून काम, म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण कंबरेला बसणंही तेवढंच जड जायचं. तिथे आत्याने दुखण्याचा चकार शब्द काढला नाही. तासातासाला ती उठून जिन्यात जायची, भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं उभी राहायची आणि हसऱ्या तोंडाने परत यायची. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावून, तुमचं लक्ष कामात नाही, उद्यापासून येऊ नका, असं गोड शब्दांत सांगितलं. तिने कानाला खडा लावला. चष्म्याच्या दुकानात विचारायला गेली तेव्हा पहिल्याच वाक्यात सगळं खरं सांगून टाकलं. दुकानदार भला माणूस होता, खुर्ची पुढे केली, कळवतो म्हणाला, आणि त्याने कधीच कळवलं नाही. लपवावं तर काम टिकत नाही, सांगावं तर मिळत नाही. 

वहिनी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर होती. औषधांनी केस गेलेल्या बायकांना केसांचे टोप करून देणारे एक म्हातारे कारागीर तिथे येत. ते हाताखाली माणूस शोधताहेत, हे वहिनीच्या कानावर आलं. तिने आत्याला काही न विचारताच त्यांची वेळ घेतली, आणि मग दोन दिवस आत्याची बोलणीही खाल्ली.

टोपवाल्यांची खोली रुग्णालयाच्याच तळमजल्यावर होती. फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली, कुणावर नुसती जाळी, कुणावर अर्धे केस. आत्या दारातच म्हणाली, "माझी कंबर दुखते. रोज दुखते. मला सलग बसता येत नाही आणि सलग उभं राहता येत नाही. आधीच सांगते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको."

टोपवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुखत नाही तेव्हा किती वेळ काम होतं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तिने मनातल्या मनात मिनिटं मोजली. "एका वेळी वीस मिनिटं. कधी पंचवीस."

"मग वीस मिनिटं बसा," असं म्हणून त्यांनी तिच्या हातात बारीक आकडी दिली.

एकेक केस आकडीत धरायचा, जाळीच्या छिद्रातून ओढायचा आणि गाठ मारायची, एवढंच ते काम. पण भांगाशी एक केस, मागे दोन, आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. केस कपाळावर कसा पडतो हे आत्याला शिकवावं लागलं नाही. महिन्याभरात टोपवाल्यांनी तिला काम घरी न्यायला सांगितलं. वहिनीने खिडकीशी एक टेबल लावलं, आणि उभ्याने करायला छातीएवढ्या कपाटावर दुसरी जागा केली. वीस मिनिटं इथे, वीस मिनिटं तिथे, मग चटईवर आडवं. भाची येताजाता लाकडी डोक्याला "काय म्हणता?" असं विचारून जायची.

पहिला पूर्ण टोप तिच्या एकटीकडे आला तो बस चालवणाऱ्या एका बाईंचा. उपचार संपले होते, त्यांना कामावर परतायचं होतं. टोपवाल्यांनी एकवीस तारीख दिली. चौदा तारखेपर्यंत मागची बाजू झाली, आणि पंधराला आत्या अंथरुणातून उठूच शकली नाही. सोळा, सतरा, अठरा तशीच गेली. कूस बदलायची तर डोळ्यांत पाणी येई. वहिनी उशा लावून द्यायची, पाठ शेकायची. कपाटावरच्या अर्ध्या टोपाकडे आत्याला बघवेना. हेही काम गेलं, असं तिने मनाशी धरलं. एकोणीसला तिनेच फोन लावला आणि एका दमात म्हणाली, "चार दिवस हात लावला नाही. एकवीसला होणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या."

"बाईंना मी तीस सांगितली आहे," टोपवाले म्हणाले.

"पण मला तर एकवीस..."

"तुमचे दुखण्याचे दिवस मी आधीच धरले होते. नऊ धरले. अजून पाच आहेत, पडून राहा."

आत्याने फोन ठेवला आणि वहिनीच्या कुशीत तोंड खुपसून रडली. वहिनीला आधी वाटलं काम गेलं, म्हणून तीही रडली. खरं कळलं तेव्हा तिने डोळे पुसत आत्याला एक चापटी मारली.

टोप अठ्ठावीसला झाला. तीसला बस चालवणाऱ्या बाई टोपवाल्यांकडे आल्या, दांडग्या, मोकळ्या बोलणाऱ्या. टोप डोक्यावर बसवल्यावर आरशासमोर मान इकडून तिकडे वळवून बघू लागल्या. पुढची झुलपं डोळ्यांवर येत होती, ती कापायची होती. आत्या उभी राहून वाकली आणि तिचा हात जागीच थांबला.

"दुखतंय का?" बाईंनी आरशातून विचारलं.

"हो," आत्या म्हणाली. "थोडी थांबते, मग कापते."

"मला ओळखू येतं. मी वर्षभर हेच केलंय, थोडं थांबायचं, मग पुढचं." बाई उठल्या, आत्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर तिच्या पुढ्यात मांडी घालून, चेहरा तिच्याकडे वर करून बसल्या. "आता पुरतोय का हात?"

पुरत होता. टोपवाल्यांनी आरसा काढून बाईंच्या हातात दिला. आत्याने झुलपं बोटांत धरली, आणि हळूहळू, घाई न करता, कापायला सुरुवात केली.