कधीपासून दुखतंय

गोजराचा पाय कुंदन पोटात असल्यापासून दुखत होता. पोटरीवरच्या शिरा आधी हिरव्या दिसायच्या, मग दोरीसारख्या वर आल्या. आमचा मखमलाबादच्या बाजूला फुलांचा मळा. उजाडताना झेंडू तोडायचा, पाट्या भरायच्या आणि पंचवटीत नेऊन विकायचा. बाजारात आम्हाला गाळा नव्हता. रस्त्याच्या कडेला बसलं की गाड्या अंगावर यायच्या, म्हणून ती दुपारपर्यंत उभीच असायची. घरी आली की रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर पाय ठेवून पडायची. मी ते रोज बघत होतो. बायकांचे पाय दुखतातच, असं मला वाटायचं.

गोजराचा भाऊ पुंजा विम्याचं काम करायचा. १९९९ साली त्याने आजारपणाची एक पॉलिसी आमच्या गळ्यात मारली. पॉलिसी माझ्या नावावर, आत गोजराचंही नाव. मी दर वर्षी हप्ता भरत गेलो. पाच वर्षं तिचा काही उपयोग झाला नाही.

२००३च्या सिंहस्थात फुलांना कधी नव्हती एवढी मागणी होती. गोजरा त्या दिवसांत घरी फक्त झोपायला यायची. पुढे घोट्याच्या वर जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टर म्हणाले, व्हेरिकोज व्हेन्स, ऑपरेशन करा, नाहीतर जखम वाढत जाईल. ऑपरेशनाचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. विम्यातून झालं तरच होणार होतं.

"त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुंदन पोटात होता तवापासून," गोजरा म्हणाली. "बावीस वर्षं झाली. मागल्या सिंहस्थाला तर लय सुजला होता."

डॉक्टरांनी ते लिहिलं.

संध्याकाळी पुंजा घरी आला. केसपेपर वाचून त्याने डोक्याला हात लावला.

"आक्का, काय करून बसलीस? पॉलिसी पाच वर्षांची आणि दुखणं बावीस वर्षांचं! आधीच्या आजाराला कंपनी पैसे देत नाही."

"मग काय करू? कुंदनला पाच वर्षांचा करू?"

कुंदन भाकरी खाता खाता हसला. आम्ही तेव्हा त्याला मुली बघत होतो.

"दाजी, तुम्ही समजवा हिला. हा कागद ठेवून द्या. दुसरा दवाखाना गाठा. विचारलं की सहा महिने म्हणायचं. झालं काम."

"मी नाय म्हणणार," गोजरा म्हणाली. "झेंडू शिळा असला तर मी ताजा म्हणून विकते, त्याचं काय नाय. पण हा पाय माझा हाय."

"बघा दाजी. शिळा झेंडू चालतो, सहा महिने चालत नाहीत."

आठ दिवसांनी आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, पाय पाहिला आणि तोच प्रश्न विचारला. विचारला गोजराला. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "सहा महिने."

डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं. गोजराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "साडेएकवीस वर्षं पुसून टाकलीत तुम्ही."

मी म्हणालो, "पाय बरा करायचा आहे की नाही?"



ऑपरेशन झालं. कंपनीने क्लेम मंजूर केला. जखम दोन महिन्यांत भरली आणि तिचं उभं राहणं सोपं झालं. मी केलं ते बरोबर केलं, असं मला वाटलं. पायापुरतं आजही वाटतं.

पण त्यानंतर तिला एक सवय लागली. शेजारच्या पाटीवरच्या लंकाबाईने विचारलं, पाय कसा आहे, की ती माझ्याकडे बोट करायची. "यांना इचार. दुखणं माझं, पण नावावर यांच्या हाय." बायका हसायच्या. मीही हसायचो. ताप आला, दाढ दुखली, कोणी काही विचारलं, तरी तेच. यांना इचारा. कुंदनची बायको उज्वला नवी होती, ती खरंच मला विचारायला यायची. मी म्हणायचो, मला काय माहीत, तिलाच विचार.

२००८च्या फाल्गुनात सकाळी बाजारात गोजरा खाली बसली. फुलांच्या पाटीतच बसली. तिला घाम आला होता. रिक्षा करून तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी घाईने तपासलं, नर्सला काही सांगितलं आणि कागद पुढे ओढला.

"आजी, छातीत कधीपासून दुखतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बोट थोडंसं उचललं.

"यांना इचारा."

रागाने म्हणाली नाही. सवयीनेच म्हणाली असावी. डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले.

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

त्यांनी ती जागा मोकळी ठेवली. दुपारी ती गेली.

दहाव्याला आम्ही गंगेच्या घाटावर गेलो. विधी झाल्यावर लंकाबाई माझ्याजवळ आली. डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, दसऱ्याचा झेंडू तोडत होतो तवापासून ती छातीत भरून येतं म्हणत होती."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"मी म्हटलं तिला, भाऊंना सांग. तर म्हणाली, सांगीन, पण ते कमी करून सांगतील."

कुंदन पुढे चालत होता. मी तिथेच पायरीवर थांबलो आणि बोटांवर मोजलं. दसरा आश्विनातला. ती गेली फाल्गुनात. पाच महिने.