अवघड बोलणारी माणसे

कुसुमने अंबाड्यातला आकडा काढला, पुस्तकाच्या जोडलेल्या पानांत घातला आणि सावकाश वर ओढला. पुस्तक नवे होते, पाने अजून कापलेली नव्हती. वाचनालयात ते आले त्याच दिवशी तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, चिटणिसांच्या मागे लागून सगळ्यांच्या आधी घरी आणले होते. कागदाचा बारीक भुसा तिच्या मांडीवर पडत राहिला. तिने तो झटकला नाही.

समोर परसात, लिंबाखालच्या न्हाणीच्या दगडापाशी मालूबाई पाय लांब करून बसली होती. तिच्या नडग्यांवर कुसुमची पाच महिन्यांची मुलगी पालथी पडली होती. चुलाण्यावर पाणी तापत होते. पलीकडच्या गल्लीतून विणकरांच्या मागांचा खटखटाट येत होता.

"काढा पुढचं," मालूबाई म्हणाली. "राणीनं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले, तिथलोक झालं व्हतं."

कुसुम वाचू लागली. आवाज चढत नव्हता, पडत नव्हता.

मालूबाई सिंधीपुरा पेठेपलीकडे राहायची. दिराच्या केळीच्या बागेत राबायची आणि सकाळी दोन-तीन घरची लेकरे न्हाऊ घालायची. कुसुमच्या घरी ती थोरल्या मुलाच्या, गोटूच्या, जन्मापासून येत होती. गोटूला तिने न्हाऊ घातले, त्याचे नाक-डोके चोळून नीट केले. दोन वर्षांचा झाल्यावरही तो तिच्याच हातून अंघोळ करायचा. मागच्या श्रावणात त्याला घटसर्प झाला. गळा सुजला, श्वास अडकायला लागला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. मग गोटू उरला नाही. कुसुमला तेव्हा सातवा महिना होता.

ती रडली नाही. आधी सगळ्यांना वाटले, पोटातल्या जिवासाठी मन घट्ट करते आहे. मुलगी झाल्यावरही ती रडली नाही, तेव्हा सासूबाई देवाला नवस बोलल्या. कुसुम वेळेवर उठायची, सडा घालायची, भाकरी थापायची, दिगंबरची शाळेची टोपी खुंटीवरून काढून हातात द्यायची. मुलगी रडली की कुणीतरी तिला उचलून कुसुमच्या मांडीवर आणून ठेवी. कुसुम पदर घेऊन पाजी, आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवी. पिऊन झाले की कुणीतरी मुलीला परत उचलून नेई. आपण होऊन तिने मुलीकडे हात केला नव्हता. बारसे आधी दुखवट्यामुळे राहिले, मग आत्याबाईंना यायला जमले नाही, आणि नंतर कुणी विषयच काढला नाही. घरात मुलीला छकुली म्हणत. कुसुम काहीच म्हणत नसे. गोटूबद्दल बोलायची वेळ आलीच, तर ती 'श्रावणाच्या आधी' किंवा 'श्रावणानंतर' एवढेच म्हणायची.

वैद्यांनी सांगितले, हिचे मन कशात तरी गुंतवा. दिगंबर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचा. त्याला पुस्तकेच सुचली. लग्न होऊन आली तेव्हा ही बायको चुलीपुढे पुस्तक घेऊन बसते म्हणून घरात किती बोलणी झाली होती, ते त्याला आठवत होते. पुस्तकातल्या एका सरदाराच्या मरणावर ती इतकी रडली होती की सासूबाईंना वाटले, माहेरहून काही वाईट कळले.

आता ती दिलेले प्रत्येक पुस्तक वाचत होती. तांदूळ निवडावेत तशी वाचायची; एक पान झाले की दुसरे. जुन्या, सगळ्यांनी वाखाणलेल्या कादंबऱ्या झाल्या, मुसलमानी अमलातल्या झाल्या, मराठ्यांच्या झाल्या. संध्याकाळी दिगंबर विचारायचा, कशी वाटली. ती म्हणायची, चांगली आहे. पण कधीकधी आणखी एखादे वाक्य बोलायची. एकदा म्हणाली, राजा अर्धे पान रडतो आणि लगेच घोडा मागवतो, त्या दिवशी घोड्याला दाणा कुणी दिला असेल? एकदा म्हणाली, लढाईत पडलेले सगळे शेवटी काहीतरी बोलून मरतात. श्वास गळ्यात अडकून कुणीच मरत नाही. दिगंबर त्या रात्री जेवला नाही. ती मात्र जेवली, आणि भांडी घासून पालथी घातली.

वाचनालयात महिन्यातून एकदा मंडळी जमत आणि नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर कुणी ना कुणी बोले. चिटणीस गिरधरराव दिगंबरला म्हणाले, तुमच्या घरी इतकी पुस्तके वाचली जातात, वहिनींचे मत आम्हाला कळवा, तुम्हीच वाचून दाखवा. दिगंबरला ते फार आवडले. त्याने घरी येऊन सांगितले.

कुसुम भाजी चिरत होती. तिने थोडा विचार केला.

"त्यांत कुणी जेवत नाही," ती म्हणाली. "एवढे मोठे किल्ले, एवढी माणसं. कुणी स्वयंपाक करत नाही, कुणी ताटं उचलत नाही."

तो हसला. श्रावणानंतर पहिल्यांदा या घरात कुणी हसले, आणि त्याला वाटले आता ही सावरते आहे. तिने वर पाहिले नाही. भाजी चिरून झाली तशी विळी भिंतीला टेकवून उभी केली आणि उठली.

मोठ्याने वाचायला लावले ते मालूबाईने. मुक्याने काय वाचता, मले बी आयकू द्या, असे ती एकदा म्हणाली आणि तेव्हापासून मुलीच्या अंघोळीच्या वेळी वाचन सुरू झाले. मालूबाईला सगळे समजत नसे. 'तद्वत्', 'किंबहुना' असले शब्द आले की ती मुलीचा पाय हातात धरून थांबायची आणि कुसुम तिला अर्थ सांगायची. किल्ला म्हटला की मालूबाईच्या डोळ्यांपुढे आशीरगड असायचा, कारण तिने दुसरा किल्ला पाहिला नव्हता. राणीचे महाल म्हणजे तापीकाठचे पडके महाल. ऐकलेली गोष्ट ती दुपारी बागेतल्या बायांना सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय विचारले ते घेऊन यायची.

या नव्या पुस्तकात एक विधवा राणी होती आणि चार वर्षांचा राजपुत्र होता. किल्ल्याला शत्रूचा वेढा पडलेला. धान्य संपत आले होते, टाक्यातले पाणी हिरवे झाले होते. आणि मग एका सकाळी कुसुमने पान कापले आणि वाचू लागली, त्या पानावर राजपुत्राला ताप चढला. दाई त्याच्या उशाशी बसली. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली.

कुसुम थांबली. तिची नजर पानाच्या तळापर्यंत गेली होती.

"मंग?" मालूबाईने विचारले.

कुसुमने घसा साफ केला. मग दाईने युक्ती केली, ती सांगू लागली. किल्ल्याच्या मागे एक चोरवाट होती. खाली कापसाची गाडी उभी होती. राणीने पोराला गोधडीत गुंडाळले आणि दाईच्या कडेवर दिले. दाईने त्याला कापसात लपवले आणि डोंगराखालच्या गावात आपल्या बहिणीकडे नेले. तिथे एक गाय होती. त्याला गरम दूध दिले, चुलीपाशी निजवले. सकाळी ताप उतरला, आणि त्याने भाकरी मागितली. बहीण म्हणाली, घे रे बाळा, पण चावून खा.

इतके बोलून कुसुमने पुस्तक मिटले. मालूबाईने मुलीला पुसून दुपट्यात गुंडाळले, कुसुमच्या मांडीवर ठेवले आणि बादली उचलून गेली.

पुढचे दिवस कठीण गेले. पुस्तकात राजपुत्र नव्हता, आणि कुसुमला त्याला सांभाळावे लागत होते. राणी बुरुजावर उभी राहून रडते असे आले, तेव्हा तिने सांगितले, शिपाई उपाशी आहेत म्हणून रडते. राणीने पांढरे वस्त्र नेसले असे आले, ते तिने गाळले. मधूनच ती दाईच्या बहिणीच्या घरी जाऊन यायची. पोरगा आता वासरामागे पळतो, त्याचा गुडघा खरचटला, त्यावर हळद लावली, असे सांगायची. मालूबाई ऐकून घ्यायची. प्रश्न विचारायचे तिने बंद केले होते. बागेतल्या बाया काय म्हणाल्या, तेही ती सांगेनाशी झाली होती.

पुस्तक संपत आले होते. त्या दिवशी ऊन लवकर चढले होते. मालूबाईने मुलीला तेल चोळून उताणी केली होती. कुसुमने वाचायला तोंड उघडले, तेवढ्यात मालूबाई म्हणाली,

"बाई, एक इचारू का?"

"विचारा."

"तो पोऱ्या किल्ल्यातून निंघालाच नाही ना?"

कुसुमने पानावरची नजर काढली नाही. "असं कोण म्हणालं?"

"कोन म्हनंन? मले कुठं वाचता येतं." मालूबाई मुलीचे पोट हलक्या हाताने चोळत होती. "पन पुस्तकातले लोक लई अवघड बोलतात, बाई. दर बोलाले मले तुमाले पुसा लागते. त्या दिवशी समदे सोपं बोलले. राणी बी, दाई बी. आपन दोघी बोलतो ना, तसं."

पाण्याला आधण आले होते. विस्तव मागे ओढायला हवा होता. दोघींपैकी कुणी उठले नाही.

"मेला ना तो?"

भिंतीपलीकडे मागाचा धोटा गेला, आला, गेला.

"मेला," ती म्हणाली.

शब्द लहान होता. तो बोलून झाल्यावर तिला जरा आश्चर्य वाटले, कारण काही झाले नाही. भिंत जागेवर होती. ऊन होते तिथेच होते.

मालूबाईने मुलीच्या अंगावरचा हात थांबवला. मग म्हणाली, "मंग लिवलं तसं वाचा. इतके दिवस त्या राणीले आपन एकटीलेच रडू देलं."

कुसुमने पाने मागे घेतली. ते प्रकरण सापडायला वेळ लागला नाही. पुस्तक तिथेच उघडत होते. ती वाचू लागली, अगदी सुरुवातीपासून, एकही शब्द न गाळता. "राजवैद्यांनी मान खाली घातली. त्या विस्तीर्ण महालात निःशब्दता पसरली. बाळराजांनी क्षणमात्र नेत्र उघडले, मातेकडे दृष्टिक्षेप केला आणि त्यांचे चिमुकले हस्त मातेच्या हस्तांतून अलगद गळून पडले." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. 'दृष्टिक्षेप' आला तेव्हा ती सवयीने थांबली आणि म्हणाली, म्हणजे पाहिलं.

"कळलं," मालूबाई म्हणाली.

पुढे राणीचा विलाप होता, चांगला दोन पाने. त्यात चंद्र होता, कमळ होते, विजेने मोडलेला कल्पवृक्ष होता. असली वाक्ये पूर्वी कुसुमला पाठ होऊन जायची. आता ती एकामागून एक शब्द उचलून खाली ठेवत गेली. मधेच तिला वेगळाच आवाज ऐकू आला, म्हणून तिने वर पाहिले.

मालूबाई रडत होती. मान खाली घालून, तोंड वाकडे करून, या घरात कुणी रडले नव्हते तसे रडत होती. दोन्ही हात तेलाने माखले होते, म्हणून ती खांद्याने डोळे पुसायला बघत होती, आणि ते जमत नव्हते.

"मी न्हाऊ घालायची त्याले," ती म्हणाली. "पानी डोळ्यात गेलं का, मलेच शिव्या द्यायचा."

राजपुत्राबद्दल ती बोलत नव्हती. कुसुमला ते कळले. ती तिच्याकडे पाहत राहिली. गोटूसाठी आपल्याखेरीज आणखी कुणी इतके दिवस गप्प बसले होते, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

मालूबाईचे पाय हुंदक्यांनी हलू लागले होते. नडग्यांवरची मुलगी त्यासरशी थोडी थोडी एका बाजूला सरकत होती. तिला त्याची भीती वाटत नसावी; ती वर लिंबाच्या फांद्यांकडे बघत होती. मालूबाईने हात उचलला तो डोळ्यांकडे, आणि मुलगी कुशीवर वळली.

कुसुमने पुस्तक होते तसे उघडे दगडावर टाकले आणि पुढे झाली. मुलीच्या काखांत हात घालून धरायला गेली तर तेलकट अंग हातातून निसटले. तिने पुन्हा धरले, या वेळी बोटे रोवून, आणि छातीशी ओढले. मुलीने अंग ताठ केले. मग तिने मान मागे टाकून कुसुमच्या तोंडाकडे पाहिले, परक्या माणसाकडे बघावे तसे, निरखून. कुसुमनेही पाहिले. भुवया विरळ होत्या. डाव्या कानामागे एक लहान तीळ होता. तो आजवर तिला कुणी सांगितला नव्हता.

मालूबाई रडतच होती. दगडावरची ओल पुस्तकाच्या कडेने आत शिरू लागली होती. पाने फुगत होती. कुसुमला ते दिसत होते, पण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.