कांबळ्यापलीकडचं

"अरे अरे, भिंतीतून काय घुसतोस? दारातून ये!"

नव्वदीच्या हिसाएताई ओरडल्या तसा मासारू जागीच थबकला. भिंत सत्तर वर्षांपूर्वीच कुणीतरी उपटून नेली होती. उरली होती पायाच्या दगडांची ओळ, झुडपं आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली धूळ. तरी म्हातारा मासारू मुकाट्यानं वळसा घालून आला आणि नसलेल्या उंबऱ्यापाशी त्यानं बूटही काढले. काटे टोचायचे ते टोचलेच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या आपल्याच माणसांना उचलून या छावणीत कोंबलं, तेव्हा ह्या खोलीत दोन कुटुंबं राहायची. मध्ये दोरीवर एक लष्करी कांबळं. अलीकडे मासारूचं घर, पलीकडे हिसाएताईंचं. खोकला, भांडणं, सगळं आरपार यायचं. पण पलीकडचं कानावर पडलं तरी ऐकायचं नाही, ही रीत.

सहा वर्षांचा मासारू आजारी बापावर खेकसला होता, "तुम्ही जपानी, म्हणून आम्ही इथं सडतोय!" चार दिवसांत बाप गेला. आई मरेपर्यंत सांगत राहिली, "ते झोपले होते रे, त्यांनी ऐकलंच नाही." त्याला ते कधी पटलं नाही. जन्मभर जीव तिथंच अडकून राहिला.

तो कमरेत वाकला. "ताई, एवढंच सांगा. बाबांनी ऐकलं होतं का?"

"मला काय ठाऊक? मी पलीकडे होते."

"चार हातांवर होतात!"

"आम्ही नव्हतो, बाई, लोकांचं ऐकत."

"अहो, पण आता कांबळं कुठाय?"

"तेच तर!" ताई कडाडल्या. "असलं उघड्यावर बोलतात का?"

मासारूनं कपाळावर हात मारला. मग दोघांच्या काठ्या जमिनीत रोवून त्यांवर आपला कोट अडकवला आणि अलीकडे बसला. वाऱ्यानं कोट उडायचा, अर्ध्या ताई दिसायच्या. त्यानं शहाण्यासारखी मान फिरवली.

ताई आपल्या आईशी बोलू लागल्या. आईला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. "आई, ऐकलंस? पोराच्या बोलण्यानं त्याचे बाबा रडायलाच लागले गं. बायकोला म्हणतायत, त्याला सांग मी झोपलो होतो. नाहीतर वेडं पोर जन्मभर मनाला लावून घेईल."

मासारू ओक्साबोक्शी रडला. आभार मानायची सोय नव्हती. मानले तर ऐकल्याचं कबूल झालं असतं. तो आपल्याच बाजूला, रिकाम्या धुळीकडे बघून म्हणाला, "बाबा, चुकलो. माफ करा मला."

ताईंनी यातलं काही म्हणजे काही ऐकलं नाही. नाक शिंकरायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.