पातेल्यांचा साचा

मित्रांनो, मी एक जुना प्रेस आहे. कपड्यांना इस्त्री करणारा नव्हे. पत्र्याची चकती दाबून तिचं पातेलं करणं हे माझं काम. माझ्या पोटात पोलादी साचा होता. त्यात चकती ठेवली, की एका दणक्यात पातेलं तयार.

मला चालवणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणत. प्रत्येक पातेल्यावर तो बोटाने टकटक करी आणि कान लावी. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर बाजूला. पातेलं पारखतोस की जावई, असं लोक त्याला चिडवत.

मग लढाई सुरू झाली. माझा साचा काढून तोफगोळ्यांच्या कवचांचा चढवला. पगार वाढले, मालकांचं नशीब फळफळलं. ठोक्या सवयीने कवचांवरही टकटक करी. मुकादम खेकसला, "वाजवत काय बसलास? हे एकदाच वाजायचं असतं."

बोलला ते खरंच होतं. पातेलं एका घरात वर्षानुवर्षं राबतं. माझी कवचं जाऊन फुटत आणि पुन्हा तेवढीच करावी लागत. यालाच लोक भरभराट म्हणत, आणि माझं डोकं फिरे.

त्यातच ठोक्याच्या घरच्या पातेल्याला भोक पडलं. खिसा गरम होता, पण दुकानांत पातेलंच नव्हतं. बायको म्हणाली, "पातेल्यांच्या कारखान्यात नोकरी आणि घरात पातेलं नाही. कुणाला सांगू हे?"

पुढे पोलाद कमी पडलं. मालकांनी माझा जुना साचा भट्टीत टाकायला काढला. ठोक्या आडवा आला. "मालक, एवढा राहू द्या. लढाई संपल्यावर आपण काय करायचं?"

"संपेल तेव्हा बघू," मालक म्हणाले.

लढाई संपली आणि कवचांची मागणी थांबली. मालकांना पातेली आठवली, पण साचा वितळून गेला होता. तो घडवणारा कारागीर लढाईवरून परतलाच नव्हता. कारखान्याला टाळं लागलं. मालकांचं दुमजली घर तेवढं उभं राहिलं, आमची सगळ्यांची रोजी गेली.

जाताना ठोक्याने माझ्या अंगावर टकटक केलं आणि कान लावला.

"बद्द," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं पातेलं जपा. आपटू नका, करपवू नका. माझी आठवण म्हणून नव्हे. ते फुटलं तर दुसरं करायला आता कुणी उरलेलं नाही.